खिडकीची उंची

दुर्मुशकाकांनी साखरेच्या भांड्याचं झाकण उचललं, बाहीला पुसलं आणि तुलायच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलवर मधोमध ठेवून दिलं. मग तिच्याच हातातली पेन्सिल काढून घेऊन ती कोपऱ्यात उभी धरली.

"आता बघा," ते मशीद समितीच्या बाकीच्या सहा जणांकडे वळून म्हणाले. "आता कशी मशीद दिसते!"

सगळे हसले. तुलायही हसली. गेंट शहरात वास्तुविशारद म्हणून तिनं दोन शाळा बांधल्या होत्या, एक वाचनालय बांधलं होतं. तिच्या छपरावर कुणी झाकण ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

"काका, मायदेशी आपल्या एमिरदाच्या मशिदीला घुमट आहे, कारण तिथल्या गवंड्यांना एवढी मोठी जागा दुसऱ्या कशानं झाकता येत नव्हती," ती म्हणाली. "आपल्याला लाकडी तुळया मिळतात. आपण इथं राहतो, तर आपली मशीद इथली का दिसू नये?"

"दिसू दे की इथली. पण ट्राममधून जाणाऱ्याला कळायला नको? त्याला वाटेल, नगरपालिकेनं आणखी एक पोहण्याचा तलाव काढला."

पुन्हा हशा झाला. काका तुलायच्या आत्याचे यजमान. एकतीस वर्षं सूतगिरणीत काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं आणि म्हणून ते सगळं मोठ्यानं बोलायचे. प्रेमानं बोललेलंही दटावल्यासारखं वाटायचं. पुढचं वाक्य मात्र त्यांनी हळू म्हटलं, निदान त्यांना तसं वाटलं.

"वर्षातनं दोन ईदला फक्त जेवायला तोंड दाखवणारी पोर आम्हाला मशीद शिकवणार."

तुलायनं झाकण उचलून भांड्यावर परत ठेवलं. ते वाक्य खरं होतं.

चहाचे ग्लास घेऊन आलेली झेकिये आत्या इतका वेळ तबक धरून दारातच उभी होती. ती पुढे आली आणि मॉडेलवर वाकली.

"छपरावर नंतर भांडा," ती म्हणाली. "यात आम्ही बायका कुठं आहोत, ते दाखव आधी."

तुलायनं छप्पर उचलून आतला सज्जा दाखवला. पहिला मजला, पुढे लाकडी जाळी, तिच्या फटींतून खाली उतरणारा उजेड. सगळ्या आराखड्यात तिला तो भाग सर्वांत आवडला होता.

आत्यानं बोटानं जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. "बावीस. म्हणजे तळघरातनं काढलं आणि माळ्यावर टाकलं."

"आत्या, फार सुंदर आहे गं तो सज्जा."

"असेल. माझे गुडघे जमिनीला टेकतात, जिन्याला नाही." तिनं ग्लास मांडायला सुरुवात केली. "तू शुक्रवारी ये माझ्याबरोबर. जाळी नंतर कोर."

शुक्रवारी तुलाय गेली. गेली चाळीस वर्षं मशीद होती ती गालिच्यांच्या एका जुन्या दुकानात. दुकानाच्या मोठ्या काचा आतून पांढऱ्या रंगानं रंगवल्या होत्या. एकदा कुणीतरी दगड मारला होता, तेव्हापासून. पुरुष दुकानात, बायका खाली तळघरात. त्या पायऱ्यांवर ती बाराव्या वर्षानंतर पहिल्यांदाच उतरत होती. खाली एका बाजूला पाणी तापवण्याची टाकी घुमत होती, भिंतीवर पाचही नमाजांच्या वेळा दाखवणारं लाल आकड्यांचं घड्याळ होतं आणि वरून इमामांचा आवाज एका खरखरत्या कर्ण्यातून येत होता. मध्येच तो बंद पडला. चौदा बायका तशाच कपाळ टेकवून थांबल्या. वरच्या पायांचा आवाज झाला, तेव्हा त्यावरून अंदाज बांधून उठल्या.

तुलाय मागे, उसना रुमाल डोक्याला बांधून बसली होती. नमाज संपल्यावर आत्या तिच्याकडे वळली.

"बाहेर ऊन पडलं का गं? येताना ढग होते."

तुलायला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईनं फोन काढून पाहिलं आणि सांगितलं, की पडलंय.

"बघ," आत्या म्हणाली. "जन्मभर मी सूर्यावर नमाज पढते, आणि सूर्य मला फोनवर बघावा लागतो."

त्या आठवड्यात तुलायनं सज्जा काढून टाकला. बायकांची जागा तिनं खाली, पुरुषांच्या जागेला लागून घेतली. मक्केकडे तोंड करून बसलं, की उजव्या हाताला नैर्ऋत्येची भिंत येत होती. दुपार कलल्यापासून मावळतीपर्यंतचं सगळं ऊन त्याच बाजूनं येणार. त्या भिंतीत तिनं एक लांबलचक खिडकी काढली. रेषा ओढली आणि तिला कळलं, की आता मशीद झाली. वाचनालय बांधताना तिला असं कधी वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती. भिंत शेजारच्या हद्दीला चिकटून होती. कायद्यानं एवढ्या जवळ खिडकी काढायची, तर शेजाऱ्याची सही लागते. पलीकडे इर्मा फान हेके यांची परसबाग होती, आणि इर्माबाईंनी मशिदीविरुद्ध नगरपालिकेकडे चार पानी हरकत आधीच नोंदवली होती. जाहीर सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती.

"डोकं फिरलंय का तुझं?" दुर्मुशकाका समितीत म्हणाले. "त्या बाईकडे सही मागायला जायचं, म्हणजे पाचवं पान लिहायला तिला कागद नेऊन देण्यासारखं आहे. ती कोर्टात गेली तर सहा वर्षं गेली. सहा वर्षांनी माझ्या जनाज्याची नमाज तुम्ही उभ्यानं पढाल, मला पुढ्यात ठेवून."

"मी जाते," आत्या म्हणाली.

"तुला डच येतं का धड?"

"भांडण्यापुरतं येतं. तुमच्याशी संसार केलाय."

आत्या आणि तुलाय दोघी गेल्या. इर्माबाई ऐंशीच्या पुढच्या, उंच, काठी टेकत चालणाऱ्या. त्यांनी दोघींना स्वयंपाकघरात बसवलं, न विचारता कॉफी ठेवली आणि प्रत्येकीच्या बशीत एकेक दालचिनीचं बिस्किट. बाग खिडकीतून दिसत होती. वाटाण्याचे वेल, टोमॅटो आणि दोरीवर वाळत घातलेल्या दोन चादरी.

"माझी हरकत वाचलीत का?"

"चारदा वाचली," तुलाय म्हणाली.

"मग पान तीन. गाड्या. शुक्रवारी माझ्या दारासमोर गाड्या लागतात. मागच्या महिन्यात रुग्णवाहिकेला वळता येईना."

तुलायनं ते लिहून घेतलं. मग नकाशा उलगडला. इर्माबाईंनी चष्मा लावून खिडकीवर बोट ठेवलं.

"इथून माझी बाग दिसणार."

आत्यानं आपल्या तोडक्या डचमध्ये सुरुवात केली. "आमचं तोंड तिकडे. बाग इकडे, खांद्याला. आम्ही बघत नाही. फक्त शेवटी. सलाम करायला उजवीकडे, मग डावीकडे. एकदा."

"म्हणजे बघणार."

"एकदा," आत्या प्रामाणिकपणे म्हणाली.

"मी कुणाचा सलाम मागितलेला नाही," इर्माबाई म्हणाल्या. "मी सकाळी झोपण्याच्या कपड्यांत पाणी घालते. साठ वर्षं घालते. अनोळखी माणसांनी ते का बघावं?"

तुलायनं नकाशाची घडी घातली. कॉफी संपली. निघताना इर्माबाईंनी उरलेली बिस्किटं कागदात बांधून आत्याच्या हातात दिली, पण सहीबद्दल चकार शब्द काढला नाही.

तुलायनं खिडकी वर सरकवली. खालची कड जमिनीपासून दोन मीटरवर. उजेड येईल, कुणाची नजर जाणार नाही. नवा नकाशा, सहीचा कागद आणि दोन ओळींचं पत्र तिनं इर्माबाईंना टपालानं पाठवलं. नकाशाची एक प्रत आत्याला दाखवली, तेव्हा तिनं खिडकीच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं.

"आभाळ दिसेल," ती म्हणाली. "बरं झालं."

पंगतीत शेवटच्या माणसानं 'पुरे झालं' म्हणावं, तसं ती ते म्हणाली.

समितीनं हा आराखडा चार विरुद्ध तीन मतांनी मान्य केला. चौथा हात दुर्मुशकाकांचा होता आणि तो सर्वांत शेवटी वर गेला. "घुमट नाही तर नाही," ते म्हणाले. "पण बूट ठेवायला भरपूर जागा दे. या गावात बारा महिने चिखल."

सुनावणी वस्तीच्या सभागृहात, गुरुवारी दुपारी झाली. सत्तरेक माणसं होती. नगरपालिकेचा अधिकारी हिरवं कापड घातलेल्या टेबलामागे बसून हरकती एकेक करून वाचत होता. मागच्या रांगेतला एक माणूस उठला आणि म्हणाला, की ही जागा मुळात इथल्या लोकांची आहे. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दुर्मुशकाका उठले. तुलायनं डोळे मिटून घेतले.

"बरोबर बोललात," काका मोठ्यानं म्हणाले. "तिथं सूतगिरणीचं गोदाम होतं. मी तिथल्या गासड्या वाहिल्यात. म्हणून तर मी आलोय."

कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी घसा खाकरला. तो माणूस उभाच राहिला थोडा वेळ, मग बसला.

"हरकत क्रमांक सात," अधिकारी म्हणाला. "श्रीमती फान हेके."

दुसऱ्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या इर्माबाई जागच्या हलल्या नाहीत. "माझं लेखी आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

निर्णय महिन्याभरात कळवू, असं सांगून अधिकारी कागद आवरून गेला. लोक पांगले. तुलाय भिंतीवरचे नकाशे काढत होती, आत्या ते गुंडाळत होती, काका खुर्च्या एकात एक घालत होते. तेव्हा काठीचा आवाज जवळ आला. इर्माबाईंनी पर्समधून चौघडी घातलेला नकाशा काढला. तुलायच्या पत्राबरोबर गेलेला तोच.

"मी यावर सही करणार नाही."

तुलायनं मान हलवली. "समजू शकते."

"नाही समजलं तुम्हाला. खिडकी फार वर आहे."

"ती मुद्दामच वर घेतलीय. म्हणजे आतून कुणाला तुमची बाग..."

"तेच म्हणतेय मी." इर्माबाईंनी आत्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मार्चमध्ये मी वाटाण्याच्या वाफ्यात पडले. दुपारी. मंगळवार होता. माझी मुलगी रविवारी फोन करते."

काकांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"रविवारपर्यंत नाही पडून राहिले," त्या घाईनं म्हणाल्या. "संध्याकाळी मीटर वाचणारा आला. चार तास झाले होते, बस. कुणाला सांगितलं नाही मी. मुलीला कळलं, तर ती मला वृद्धाश्रमात नेऊन ठेवेल." मग काठी या हातातून त्या हातात घेत त्यांनी आत्याला विचारलं, "दिवसातनं किती वेळा येता तुम्ही?"

"पाच," आत्या म्हणाली. "एक पहाटे. उन्हाळ्यात फार लवकर."

"बाकीच्या चार पुरतील."

तुलायनं नकाशा टेबलावर पसरला, पण पेन्सिल हातात घेऊन ती थांबली. दोन मीटर खाली आणायचे, ते कुठपर्यंत? हा आकडा कुठल्या पुस्तकात मिळणार नव्हता. तिनं टेबलावरचं हिरवं कापड ओढलं, एक टोक काकांच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोघांनी ते लग्नातल्या अंतरपाटासारखं ताणून धरलं. आत्याला काही सांगावं लागलं नाही. ती कापडाच्या एका बाजूला गुडघे मोडून नमाजाच्या बैठकीत बसली. इर्माबाई पलीकडे वाफ्याइतक्या अंतरावर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललंय?" काकांनी विचारलं. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. "हरकत घेतली का मागे?"

"नाही," इर्माबाई म्हणाल्या. "गाड्यांची राहणारच आहे."

"वरची कड म्हणजे खिडकीची खालची बाजू, काका. हळूहळू खाली घ्या." तुलायनं कापड छातीपर्यंत आणलं, मग कमरेच्याही खाली. "आत्या?"

"डोकं दिसलं. खांदे. आता सगळ्या दिसल्या," आत्या म्हणाली. "बास, एवढं ठेव."

"थांबा," इर्माबाई म्हणाल्या.

त्यांनी पर्स काकांच्या कोपराला अडकवली, काठी खुर्चीला टेकवली. मग खुर्चीची पाठ धरून त्या एक गुडघा मोडत, दुसरा मोडत खाली बसल्या. तुलाय पुढे झाली, तसा त्यांनी हातानंच तिला तिथं थांबवलं. तळवा फरशीवर टेकून त्या सावकाश कुशीवर आडव्या झाल्या. मार्चमध्ये पडल्या असतील, तशा.

"आता?"

आत्यानं मान उंच केली. "आता काहीच नाही."

काकांनी तुलायकडे पाहिलं. दोघांनी कापड खाली घेतलं. ते फरशीवर गोळा व्हायला लागलं, तरी आत्या मान हलवत होती. गुडघ्यापर्यंत आलं. त्याच्याही खाली आलं.

"दिसतेय?" इर्माबाईंनी फरशीवरून विचारलं.

"दिसताय," आत्या म्हणाली. "बुटांसकट."

तुलायनं आपलं टोक तिथंच धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं टेप लावला.