कडूबाच्या ढोलाले ज्वारीचं पीठ

आमच्या कडूबाच्या ढोलाचा ठोका असा व्हता का दोन कोसावर चिखलीच्या बाजारात धान्यवाल्यायचे तराजू हालत. वामनरावाची म्हैस तर तो ऐकून आपोआप पान्हा सोडे. दूध काढाची गरजच नाही, खाली फक्त बादली ठेवा. हसू नका. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं.

बरं, म्हशीचं राहू द्या. ठोक्याचं ऐका, ते खरं हाये. आता डीजेच्या डब्यातून पोटात बुक्की मारल्यावानी येते न, तसाच. पयले टक. मंग धम. अन् मंग कायीच नाही. त्याले शेपटी नव्हती. शेपटी नसली का मानूस दुसऱ्या ठोक्याची वाट पाह्यते, मंग तिसऱ्याची, अन् असं करता करता त्याचं काळीज ढोलाच्या मांगं चालाले लागते. धा मिनिटांत देवीच्या ओट्यावर पाच-सात बायांच्या अंगात येई. केस मोकये, डोये पांढरे. एरवी नवऱ्यापुढं तोंड न उघडनाऱ्या बाया त्या टायमाले सरपंचाले शिव्या देत, अन् सरपंच हात जोडून ऐके.

महाराष्ट्र नवा नवा झाला व्हता, दुसरंच वरीस. मी शालू, त्या घरची धाकटी सून. मोठी सून जनकाबाई, माह्या भासऱ्याची, मोठ्या दिराची, उत्तमरावाची बायको. पयल्या बाळंतपनाले माहेरी पिंपळगाव राजाले गेली अन् रिकाम्या हातानं आली. लेकरू एकवीस दिवसाचं व्हऊन गेलं. आली ते बोललीच नाही. काम सगयं करे. भाकरी थापे, पानी आने, गोठा झाडे. पन तोंडातून शब्द नाही. दिवाळीपासून संक्रांत गेली तरी नाही.

आमची सासू मनकर्णाबाई. वाईट नव्हती, पन घाईची व्हती. एक दिवस चुलीपुढं म्हने, "उत्तम, हिले बापाच्या घरी घालून ये. मुक्या बाईसंगं संसार व्हत नसते. दुसरी पाहू."

उत्तमराव भाकर चावत राह्यले.

जनकाबाईनं मले त्या घरात भाकरी थापाले शिकवली, माही पयली जयलेली भाकर सोता खाल्ली अन् कोनाले सांगतलं नाही. तिले अशी सोडून देनार? माह्या तोंडाले तं सवयच. म्या म्हनलं, "आत्याबाई, थांबा. मले सपन पडलं."

"कायचं?"

"देवी आली. हिरवं लुगडं, नाकात ही एवढी नथ. म्हने, चैती पुनवेले कडूबाच्या ढोलावर जनका बोलन. त्याच्या आंधी तिले हात लावला तं कोठीत एक दाना राहनार नाही."

नथीचं सांगतलं म्हनून सासूले पटलं. सासू हात जोडून म्हने, "ठीक हाये. चैती पुनव. बोलली तं माह्या घरची लक्षुमी. नाही बोलली तं दुसऱ्या दिवशी गाडी जुपू."

जनकाबाईनं माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं, उपकार मानून राह्यली.

आता देवीचं नाव घेऊन मुदत तं मागून घेतली, अन् होयीच्या टायमाले ढोलाच्या डाव्या तोंडाची चामड्याची पुडी उंदरायनं कुरतडली. कडूबा लेकरावानी रडला. एकटा मानूस, बायको नाही, पोर नाही, त्याले तो ढोलच व्हता. चिखलीचे गुलजारभाई चामड्याचं काम करत, त्यायनं नवी पुडी चढवून देल्ली अन् पुनवेच्या आदल्या दिवशी सायकलवर ढोल बांधून सोता घेऊन आले. कडूबानं आमच्या अंगनातच वाजवून पाह्यला.

टक व्हतं. पन धम थांबेचना. धम्म्म्म् करत तिकडं मारोतीच्या पारापर्यंत जाये.

"गुलजारभाई, हा तं रडून राह्यला बे!" कडूबा म्हने.

"नवा चमडा हाये, रडेलच. कडूबा, इसकू लगाम पायजे." गुलजारभाई माह्याकडं वयले. "बहू, उद्या सकाळी गव्हाची कनीक भिजव. घट्ट. भाकरीएवढा उंडा करून डाव्या पुडीच्या मधोमध थाप. मंग पाय, कसा कुत्र्यावानी गुमान बसते."

त्यायनं दोनदा सांगतलं, गव्हाची. मी बहिरी नव्हती. पन गहू आमच्या घरी सनालेच दिसे. कोठीले कुलूप, अन् कुलपाची किल्ली सासूच्या कमरेले. मागाले गेली असती तं सासू म्हनली असती, देवीच्या कामाले मानसाचं पीठ कायले लागते? तुह्या सपनात देवीनं कनकीचं काहून नाही सांगतलं? अन् खोटं एकदा उसवाले लागलं का मंग कुठं थांबते!

म्या इचार केला, पीठ ते पीठ. ज्वारीवर आमच्या सात पिढ्या उभ्या राह्यल्या, एक ढोल नाही राहनार? गरम पान्यात ज्वारीचं पीठ भिजवलं, चांगलं रगडलं, ओल्या फडक्यात गुंडायलं अन् कडूबाले नेऊन देल्लं. त्या भोयानं उघडून पाह्यलंसुदा नाही. थापलं.

पुनवेले दुपारी ओट्यापुढं सारं गाव. ऊन असं का कावये झाडावरून पिकून पडत व्हते. जनकाबाईले म्होरं बसवली, कपायभर कुकू लावून. मांगं उत्तमराव, हाताची घडी घालून. सासूनं ओटीचा नारय मांडीवर धरलेला.

कडूबानं टिपरू उचललं. टक, धम. टक, धम.

आहाहा! बसला व्हता ठोका. जुन्यापेक्षा बरा. पायाखालची माती धडधडे. रुखमाबाई डोलाले लागली, आशाबाईचे केस सुटले. मी जनकाबाईच्या पाठीकडं पाहून राह्यली व्हती. तिची मान हालली. थोडीशी. म्या मनात म्हनलं, देवीमाय, खोट्याचं पाप माह्यावर घाल, पन हिले बोलती कर.

अन् मंग ऊन लागलं. ज्वारीले काय, पानी सुकलं का ती तडकनारच. पयली चीर पडली तशी ढोलाच्या आवाजाले शेपटी फुटली. धम्म. धम्म्म. मंग एक तुकडा उडून वामनरावाच्या पटक्यात. दुसरा सरपंचाच्या उघड्या तोंडात, अन् त्यायनं परसाद समजून गियला. ढोल बोंबलाले लागला. रुखमाबाईच्या अंगातली देवी अर्ध्यातच उतरली, ती पदर सावरून इकडंतिकडं पाहे. पोट्टे हसले. मंग मोठेही हसले. कडूबा हसला नाही, तो वाजवतच राह्यला, डोयात पानी. सासूचा चेहरा मले पाहवेना. मले समोर गाडी जुपलेली दिसत व्हती.

तेवढ्यात जनकाबाई उठली. ढोलाजवय गेली, खाली पडलेला एक तुकडा उचलला, बोटायत चुरला. तिचा बाप मृदंग वाजवे. लहानपनापासून त्याची कनीक हीच भिजवे, हे मले मांगून समजलं.

"शालू," ती म्हने, "ज्वारीचं लावलं का वं? गव्हाचं लागते. ज्वारीले तार नसते."

कडूबाचा हात थांबला.

मंग सासूनं नारय टाकला अन् ओरडली, "बोलली! माही लेक बोलली! देवीनं शब्द पायला!"

अन् जे कुकू उधयलं, ज्या आरोया उठल्या! उत्तमराव रडत व्हते. मलेच बायायनं खांद्यावर घ्याचं बाकी ठेवलं. त्या गर्दीत म्या जनकाबाईकडं पाह्यलं. तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले व्हते. विहिरीत बादली सुटल्यावर बाई जशी पाह्यते, तशी पाहून राह्यली व्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटं आम्ही दोघी जात्यावर बसलो. म्या म्हनलं, "बाई, झालं न आता? आता कोनी तुमाले घालवत नाही."

ती दयत राह्यली. मंग हयू म्हने, "मले जायाचं व्हतं."

"कुठं?"

"बापाच्या घरी. लेकरू तिथं हाये. परसात, लिंबाखाली. बाप म्हातारा झाला, त्याच्यानं तिथं पानी घालनं व्हत नाही. मी म्हनलं असतं का मले जाऊ द्या, तं कोनी जाऊ देल्लं असतं? देल्लं असतं तं चार दिवस, मंग परत बोलावलं असतं. मुकी झाली तं सोडून देतीन, मले माहीत व्हतं. सासूबाईनं दिवाळीपासून तीनदा म्हनलं. तुह्या सपनानं तीन महिने आडवे घातले. तरी म्या धरून ठेवलं व्हतं. एकच दिवस राह्यला व्हता, शालू."

जात्याचा खुटा माह्या हातातून सुटला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुले?" ती म्हने. "सकाळी तुले सांगतलं असतं, तं दुपारी चिखलीले समजलं असतं."

खरं व्हतं ते. समजलं असतं.

मी उठली. सासू तुयशीले पानी घालून राह्यली व्हती. म्या पाय धरले, म्हनलं, "आत्याबाई, सपन खोटं. देवी आली नाही, नथ नाही, काही नाही. म्या रचलं सगयं. जनकाबाईले माहेरी जाऊ द्या."

सासूनं माह्या डोक्यावरून हात फिरवला. हसली. "पोरी, तू येवढ्या गोष्टी सांगतल्या, मी सगया आयकल्या. पन देवीच्या नावानं खोटं नको बोलू. साऱ्या गावानं पाह्यलं. जाय, तोंडावर पानी मार."

म्या शपता घेतल्या. ती अजूनच हसली. उत्तमरावाले हाक मारून म्हने, "पाय रे, लहानीले लाज वाटून राह्यली मोठेपनाची."

मी परत जात्यावर गेली. जनकाबाईनं सगयं आयकलं व्हतं, अंगन केवढंसं. तिनं तोंडात मूठभर दाने घातले. जात्याच्या.

"ओढ," ती म्हने.

म्या ओढलं.