पहिल्या ओढीची मासोळी

हेमराजने मदुराई मोबाइलवर इतक्या वेळा पाहिली होती, की खऱ्या मदुराईने फक्त मोबाइलप्रमाणे वागावं एवढीच त्याची अपेक्षा होती. सकाळी नायक राजाचा महाल, तिथून लगेच मीनाक्षीचं देऊळ, दुपारी देऊळ बंद झालं की गांधी संग्रहालय, आणि संध्याकाळी परतीची गाडी. यात अवघड असं काय होतं? काहीच नव्हतं. फक्त सोबत आई होती.

आणि आईला वगळायची सोय नव्हती, कारण हा सगळा खटाटोप तिच्या नवसाचा होता. हेमराज वरठीला पोलादाच्या कारखान्यात कामाला. घर ढिवराचं, धंदा मासेमारीचा, गावाच्या तलावावर. वडील, मुरारी, अजून जाळं ओढतात. पण हेमराजला लहानपणापासून जुन्या देवळांचं वेड. सुट्टीच्या दिवशी पोरं क्रिकेट बघत, हा खांबांवरची शिल्पं बघत बसे. मधे दोन वर्षं तलावाने दगा दिला. एकदा उन्हाळ्यात तळ उघडा पडला, पुढच्या साली सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, पुरात सांडव्यावरून वाहून गेली. मुरारी संध्याकाळी रिकामं जाळं खांद्यावर टाकून येत आणि न जेवता झोपत. त्या दिवसांत हेमराजने आईला मोबाइलवर मीनाक्षीचं चित्र दाखवलं होतं.

"पाय आई, मासोळीसारख्या डोयाची देवी. आपलीच देवी म्हन."

त्याला वाटलं, आई खूश होईल आणि कधीतरी मदुराईला जायला नाही म्हणणार नाही. आईने, बायाबाईने, मात्र तिथल्या तिथे पदर पसरला. तलावात मासोळी आली तर तुझ्या दारी येईन, म्हणाली. या हिवाळ्यात मासोळी आली. हेमराजने स्वतःची, बायकोची आणि आईची तिकिटं काढली. मुरारी म्हणाले, "तुमी जा. मी तलावाच्या पाळीवर बसतो."

म्हणजे तक्रार करायला हेमराजला जागाच नव्हती, आणि तोच खरा त्रास होता.

त्रासाला सुरुवात नागपूर सोडल्याबरोबर झाली होती. डब्यात कसला तरी वास येऊ लागला. समोरच्या बाईने नाकाला रुमाल लावला. हेमराजने आधी संडासाला दोष दिला, मग रेल्वेला, मग एकूण सरकारला. बायाबाई निळी नायलॉनची पिशवी उशाला घेऊन गाढ झोपली होती.

"आई, त्या पिशवीत काय हाय?"

"शिदोरी हाय. झोप तू."

मदुराईत उतरल्यावर रिक्षा पुलावर आली, तशी बायाबाईने रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारून ती थांबवली. खाली वैगई नदी होती. वाळू पुष्कळ, पाणी जेमतेम. वैनगंगेच्या काठी आयुष्य काढलेली बाई कठड्याला टेकून किती तरी वेळ त्या वाळूकडे बघत राहिली.

"इथल्या मासोळीवाल्यायचं कसं होत असन गा?"

"आई, देऊळ बंद होते दुपारी! बस ना लवकर!"

तेवढ्यात मुरारींचा फोन आला. "झालं का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर "बरं" म्हणून ठेवला. महालाच्या तिकिटाच्या खिडकीशी पुन्हा आला. "झालं का?" हेमराजचा पारा चढला. घरबसल्या माणसाला दर्शनाची एवढी काय घाई असते?

महाल मात्र खरोखर महाल होता. हेमराजच्या कवेत न मावणारे खांब, वर कमानी, छताला रंग. त्याचा जीव भरून आला. आपण हे पाहतोय, आपण, वरठीचा हेमराज! तो बायकोला, नीतूला, कमानींबद्दल वाचलेलं सांगू लागला. नीतू मन लावून ऐकत होती. पलीकडे बायाबाई मान वर करून फिरत होती.

"एवढे मोठे खांब केले," ती म्हणाली, "आन् यायची चूल कुठी होती?"

हेमराज नीतूला घेऊन पुढे निघाला. उत्तर दिलं असतं तर तिने आणखी विचारलं असतं. पुढच्या दालनात जुन्या मूर्ती मांडल्या होत्या. तो एका शिल्पासमोर वाकून पाटी वाचत होता, तोच कर्कश शिट्टी वाजली. न बघताच त्याला कळलं, की ही शिट्टी आपल्याच माणसासाठी आहे.

हात तुटलेल्या एका दगडी देवीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. बायाबाई कुंकवाची डबी कमरेला खोचत होती. पहारेकरी तमिळमध्ये ओरडत होता, आणि ते समजायला तमिळ येण्याची गरज नव्हती. हेमराज "सॉरी, सॉरी" म्हणत रुमालाने कुंकू पुसायला धावला. त्यावर पहारेकरी दुप्पट ओरडला, कारण आता दोघेही मूर्तीला हात लावत होते.

"आई, हे देऊळ नाई, म्युझियम हाय! इथं पूजा नाई करत!"

"हात तुटले म्हनून कपाळबी उघडं ठेवाचं काय तिचं?" बायाबाई म्हणाली. "मले नाई पटत बाप्पा."

साहेबाला बोलावलं गेलं, साहेबाने समज दिली, समज इंग्रजीत असल्याने ती हेमराजनेच घेतली. या सगळ्यातून सुटून ते देवळापाशी पोचले, तेव्हा दरवाजा लागत होता. आता तो दुपार उलटल्यावरच उघडणार होता. हेमराजने त्या बंद दाराकडे पाहिलं, मग उंच गोपुराकडे पाहिलं, मग आईकडे. गोपुरावर हजार देव होते आणि एकही मदतीला येत नव्हता.

गांधी संग्रहालयात बायाबाई बाकावर पिशवी कवटाळून झोपली. तेवढा वेळ हेमराजने सुखात काढला, हे कबूल करायला हवं.

देऊळ उघडताच ते रांगेला लागले. मोबाइल आत नेता येत नाहीत, ते बाहेर ठेवायचे, चपला ठेवायच्या, पिशव्या तपासायच्या, हे सगळं हेमराजला पाठ होतं. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या निळ्या पिशवीत काय आहे. ते पोलीस बाईने शोधून काढलं. पळसाच्या पानांचा, दोऱ्याने बांधलेला पुडा तिने वर काढला, सोडला आणि तोंड फिरवलं. रांगेतली माणसं मागे सरकली. पुड्यात सुकवलेल्या मासोळ्या होत्या, एकीशेजारी एक, नीट मांडलेल्या.

त्यांना रांगेबाहेर काढण्यात आलं. हाकललं म्हटलं तरी चालेल. हेमराजला शरमेने घाम फुटला. भिंतीच्या कडेला नेऊन तो आईवर अक्षरशः बरसला.

"देवळात मासोळ्या? डोकं ठिकानावर हाय का तुहं? दोन दिवस गाडीत लोकं नाक दाबून बसले, आन् मी रेल्वेले शिव्या देऊन राहिलो!"

"तूच त सांगतलं, मासोळीवाली देवी हाय म्हनून," बायाबाई शांतपणे म्हणाली. "मंग तिले काय पेढे देऊ? पहिल्या ओढीच्या हायेत या."

हेमराज बोलता बोलता थांबला. पहिली ओढ म्हणजे काय, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. हंगामात पहिल्यांदा जाळं ओढलं, की त्यातली मूठभर मासोळी पाळीवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या देवीला जाते. देवीला पोचल्याशिवाय दुसऱ्यांदा जाळं पाण्यात पडत नाही. एरवी तासाभराचं काम.

"पाळीवरच्या देवीले नाई देल्ली?"

"नवस हिचा होता. तिले कशी देऊ?"

"आन् दुसरी ओढ?"

"थांबली हाय. जाळे वाळून राहिले. तुहा बाप पाळीवर बसून हाय."

अजून जमा न केलेले दोन्ही मोबाइल नीतूच्या हातात होते, त्यातला एक वाजला. कोणाचा आहे हे कोणी विचारलं नाही, आणि कोणी उचललाही नाही. सकाळपासून मुरारी दर्शनाचं विचारतच नव्हते. दोन वर्षांनी भरलेला तलाव समोर, मासोळी पाण्यात उड्या मारत असेल, गावातले बाकीचे ढिवर कुरकुरत असतील, आणि म्हातारा मदुराईच्या फोनची वाट बघतोय. हेमराजला आईचा राग आला, बापाचा आला, आणि मोबाइलवर चित्र दाखवणाऱ्या स्वतःचा तर फारच आला.

"फेकून दे ते! हात जोड बाहेरूनच, झालं म्हन, आन् चाल!"

"झालं नाई त झालं कशी म्हनू?" बायाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "तू जाऊन ये आत. तुले पाहाचं होतं ना लहानपनापासून. मी बसतो इथं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भांडता आलं असतं. हेमराज तणतणत एकटाच आत गेला.

आत तेच सगळं होतं, ज्याची त्याने वाट पाहिली होती. हजार खांबांचा मंडप होता, त्यातलं संग्रहालय होतं, घोड्यावरचे वीर, नाचणारे देव. तो भराभर बघत गेला आणि त्याच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी तो देवळातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर येऊन बसला. चौफेर ओवऱ्या, मधे हिरवं पाणी, पाण्यात सोन्याचं कमळ. त्याची नजर सवयीने पाण्यावर फिरली. ढिवराच्या पोराची नजर, पाणी दिसलं की आधी हालचाल शोधते. इथे कुठेच काही हललं नाही. एक बुडबुडा नाही.

शेजारी उत्तरेकडच्या यात्रेकरूंना एक गाइड हिंदीत सांगत होता. एका बगळ्याला म्हणे इथे भक्ती सुचली आणि त्याने मासे खाणं सोडलं. पण पुढच्या बगळ्यांना मोह पडू नये म्हणून त्याने शंकराकडे मागणं मागितलं, की या तळ्यात मासाच नको. तेव्हापासून या तळ्यात मासा नाही. यात्रेकरू खूश झाले. हेमराजला मात्र त्या बगळ्याचा संताप आला. स्वतःला सोडायचं होतं तर सोडायचं, तळं कशाला रिकामं करायचं? त्याला खांद्यावर कोरडं जाळं टाकून येणारा बाप आठवला आणि पायरीवर बसवेना.

बाहेर येऊन आईशेजारी बसत त्याने तिला बगळ्याची गोष्ट सांगितली. बायाबाईने पूर्ण ऐकून घेतलं.

"आपल्या तलावात दोन साल नोहोती त तुहा बाप जेवत नोहोता," ती म्हणाली. "हिच्या दारात त कईपासूनच नाई. आन् नाव मासोळीचं!"

ती उठली, पदर सारखा केला आणि पुडा हेमराजच्या मांडीवर ठेवला. "धर. मी सांगून येतो तिले."

नीतूला घेऊन ती रांगेत शिरली. हेमराज दोन मोबाइल आणि मासोळ्यांचा पुडा घेऊन भिंतीशी बसून राहिला. येणारेजाणारे नाक मुरडत होते. एक सुटाबुटातला माणूस लांबून वळसा घालून गेला. गाडीची वेळ होत आली होती. सकाळी असं झालं असतं तर हेमराज जमिनीत गडप झाला असता. आता त्याने पुड्याचा सुटलेला दोरा पुन्हा बांधला.

बायाबाई परत आली ती हसतमुख.

"काय सांगतलं?"

"सांगतलं, आनली हाय तुह्यासाठी, पन तुह्या दारावरचे आत सोडत नाईत. बाहेर पोराजवळ हाय. तुले पायजे असन त तूच ये."

आणि ती शेजारी बसली. मांडी घालून, ऐसपैस.

"आई, गाडी!"

"थांब ना थोडसाक. तिले याले वेळ नाई लागन काय?"

हेमराजने हात टेकले. नीतूने हळूच त्याच्याकडे पाहिलं आणि तीही बसली. समोरून माणसांचा लोंढा चालला होता. त्यात एक म्हातारी गजरेवाली टोपली घेऊन देवळाच्या बाजूने येत होती. काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमक्या. यांच्यासमोरून पुढे गेली, थबकली, मागे वळली. नाक वर करून तिने वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. ती सरळ हेमराजसमोर येऊन उकिडवी बसली, पुड्याकडे बोट दाखवलं आणि हात पुढे केला. काही तरी म्हणाली, ते कोणाला समजलं नाही.

बायाबाईने हेमराजच्या मांडीवरचा पुडा उचलला आणि सगळाच्या सगळा तिच्या हातात ठेवला.

"आई!" हेमराज दचकला. "ते देवीसाठी होतं ना?"

"मंग मी कोनाले देऊन राहिली?"

म्हातारीने पुडा कपाळाला लावला. मग टोपलीतला मोगऱ्याचा एक गजरा काढून बायाबाईच्या अंबाड्यात माळला, पुडा फुलांखाली ठेवला आणि गर्दीत चालती झाली. बायाबाई हात जोडून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

फोन वाजला. आता तो हेमराजच्याच हातात होता.

"झालं का गा?" मुरारींचा आवाज दमलेला होता. मागे कोणीतरी बोलत होतं, म्हणजे सगळेच पाळीवर जमले होते. "घेतली का तिनं?"

हेमराजने आईच्या अंबाड्यातल्या गजऱ्याकडे पाहिलं.

"हव बाबा," तो म्हणाला. "सोता आली होती. दोन्ही हातानं घेतली."

पलीकडे मुरारींनी फोन तोंडापासून दूर नेऊन कोणाला तरी हाळी दिली, आणि ती हाळी मदुराईच्या गोंगाटातही स्पष्ट ऐकू आली.

"उचला रे जाळे!"