टाकी कोरडी, काटा फुल

घाटंजीचा बाजार ओस आणि बसंतीबाईचं अंगण गच्च, असा बाजाराचा दिवस मी पहिल्यांदाच पाहिला. अंगणात तिच्या स्वर्गवासी नवऱ्याची, शंकरसिंगची, पांढरी अ‍ॅम्बेसेडर उभी. स्टिअरिंगपुढच्या मीटरला झेंडूचा हार. मागच्या सीटवर मांडी घालायची सोडून पाय खाली ठेवून बसलेले काटेबाबा. टाकीत पेट्रोलचा थेंब नाही. शुद्धी म्हणून बाबांनीच ती उपसायला लावली होती.

"चावी फिरवा! आत्म्याला दार उघडा! शंकरसिंग, आला असशील तर काटा चढव!" बाबा ओरडले.

आणि पेट्रोलचा काटा खरंच चढू लागला. हळूहळू, थेट फुलवर. बायांनी हात जोडले.

"इतका हळू काहून चढते?" मथुराबाई शेजारीण म्हणाली.

"वरून यायचं आहे माई, गल्लीतून नाही!"

आता एक कबूल करतो. शंकरसिंग मीटरात राहतो, ही थाप माझीच. पानठेल्यावर सहज सोडली होती. ती बाबाच्या कानी गेली आणि त्यानं ती माझ्याहून चांगली चालवली. मी दारोदार सांगितलं, "बाप्पा, हे मी रचलं!" लोक म्हणाले, "गोविंदाबुवा, तुमी पुन्हा फेकून राह्यले." चाळीस वर्षांत एकदा खरं बोललो, तेही वाया गेलं.

ती गाडी बसंतीबाईच्या नातीला, वैष्णवीला मिळायची होती. पोरगी आयटीआयत मोटर मेकॅनिक शिकली. बायांना गाडी शिकवायचा क्लास काढणार होती. पण मागच्या आठवड्यात बाबानं आत्म्याला विचारलं, "गाडी मठाला द्यायची ना?" काटा फुल! आज तो गाडी न्यायला आला होता.

"दादी, मले फक्त मीटर काढून पाहू दे," वैष्णवी म्हणाली.

"मीटर हललं तर आत्मा भटकेल!" बाबा गरजला.

बसंतीबाईनं पदर डोळ्यांना लावला. "राहू दे बेटी. तुह्या दादाजीचा जीव हाय त्यात."

मग मीच हात जोडून मीटरपुढं वाकलो. "शंकरसिंगभाऊ, आठवते का? पैनगंगेच्या पुरातून आपण वाघाले ह्याच गाडीच्या टपावर बसवून उमरखेडले नेलं. पुढं एसटीत बसवला, तं कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. खरं हाय ना?"

बाबा परगावचा, माझी थापाड्याची ख्याती ठाऊक नसलेला. त्याला वाटलं, म्हातारा साक्ष देतोय. काटा डौलात फुलवर गेला.

अंगण असं हसलं की झेंडूचा हार घसरला. बसंतीबाई मात्र हसली नाही. ती पुढं आली. "माह्या माणसानं कधी खोट्याले हो म्हटलं नाही. वैष्णवी, काढ मीटर."

वैष्णवीनं आधी बॅटरीची वायर सोडली. मग स्क्रू काढले, मागची केबल मोकळी केली आणि मीटर अलगद पुढं ओढलं.

"पाहा. टाकीतून येणारी ही जुनी वायर. तिले ही लाल, नवीकोरी वायर जोडली."

लाल वायर गालिच्याखालून मागच्या सीटकडं निघाली. शेवटी सापडलं दाराच्या बेलचं बटन. बाबाच्या पायाखाली! मागच्या आठवड्यात शुद्धीच्या नावानं पडदा लावून दोन तास गाडीत बसला होता, ते ह्याच्यासाठी.

"बटन दाबलं का वायर गाडीच्या लोखंडाले टेकते. मीटरले वाटते टाकी भरली. आतली पट्टी तापून वाकते, म्हणून काटा हळू चढते."

तिनं जोडणी पुन्हा केली. मथुराबाईनं बटन दाबलं. काटा फुल. "अव माय, शंकरसिंग माह्याही पायात आला!"

बाबा सटकू पाहत होता. पोलीस येईपर्यंत त्याला त्याच सीटवर बसवून चहा पाजला. बसंतीबाईनं चावी वैष्णवीच्या हातात दिली.

लोकहो, माझ्या थापा खुशाल ऐका, पोट धरून हसा. पण कुणी चमत्कार दाखवून तुमच्या घरातलं काही मागू लागला, तर हात जोडायच्या आधी तो चमत्कार उघडून पाहा. उघडू देत नसेल, तर काहीच देऊ नका.