कुंडीतल्या मिरचीचा नंबर

गॅलरीतली जास्वंद वाळून वर्ष झालं होतं. तिच्या कुंडीत आपोआप उगवलेल्या झुडपाला बायको तण समजत होती. मंगळवारी सकाळी ती ते उपटायला वाकली, तेव्हा पानांखाली मिरच्या दिसल्या. मोजल्या तर एकोणीस भरल्या. बोटाच्या पेराएवढ्या, सुरकुतलेल्या, चार हिरव्या, बाकी लालभडक.

"अहो, ही कोणती मिरची?"

"बघतो," नवरा म्हणाला, आणि त्याने पेपर आणखी वर धरला.

नवरा सॉसच्या कारखान्यात चव तपासनीस होता. प्रत्येक टाकीतला एक चमचा जिभेवर ठेवायचा आणि तिखटपणाला एक ते दहा यांतला नंबर द्यायचा, हे काम तो सव्वीस वर्षं करत होता. तोच नंबर बाटलीवर छापला जाई. त्यामुळे कारखान्यात आणि गल्लीत सगळे त्याला नंबरभाऊ म्हणत.

तीन दिवस 'बघतो'च चाललं, तेव्हा बायको स्वतः कामाला लागली. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला, "दिसण्यावर जाऊ नका. एकाच जातीची दहा तोंडं असतात. चावून बघा, मग या." फोनमधल्या ॲपने पहिल्या फोटोला भोपळी मिरची म्हटलं, दुसऱ्याला टोमॅटो. तिसऱ्या फोटोत नंबरभाऊंच्या पायाचा अंगठा आला होता. ॲपने सुरण सांगितला.

"घरात तपासनीस बसलाय आणि मी फोनला विचारतेय," ती म्हणाली.

नंबरभाऊ चावायला तयार नव्हते, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांची जीभ गेली होती. जागेवर होती, पण तिला तिखट कळत नव्हतं. चोवीस वर्षं जाळल्यावर ती संपावर गेली, असं डॉक्टर म्हणाले. जीभ गेली की जागा गेली, हा कारखान्याचा नियम होता आणि निवृत्तीला तीन वर्षं बाकी होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. काम मात्र चोख चाललं होतं. प्रत्येक टाकीचा दुसरा चमचा गोदामात मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या मदतनीस बाई घेत. त्यांच्या कानाची पाळी गुलाबी झाली की चार, अख्खा कान लाल झाला की सात, चष्मा काढून डोळे पुसले की नऊ. नंबरभाऊ कान बघत आणि नंबर लिहीत.

रविवारी चार वाजता कारखान्याचे साहेब दारात उभे राहिले.

"मीच बोलावलं," बायको म्हणाली. "नवीन सॉससाठी मिरची शोधतायत ना? आपल्याच घरातली निघाली तर बरंच की."

साहेबांनी झुडपाला दोन फेऱ्या मारल्या, एक लाल मिरची तोडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "द्या नंबर."

नंबरभाऊंनी चावली. दहा सेकंद गेले, वीस गेले. बायकोचे कान केसांखाली होते. साहेबांनी तर अजून काही खाल्लंच नव्हतं.

"तीन," ते म्हणाले. "शोभेची दिसतेय."

साहेबांनी अख्खी मिरची तोंडात टाकली. चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ते साडेचारपर्यंत उघडंच राहिलं. अर्धा लिटर दूध आणि वाडगाभर दही संपल्यावर त्यांनी खुणेने पेन मागितलं आणि पेपरच्या कडेला लिहिलं: तीन?

"थोडी सर्दी झालीय," नंबरभाऊ म्हणाले.

"कधीपासून?" बायकोने विचारलं. तिला खोकलासुद्धा ऐकू आला नव्हता.

नंबरभाऊंनी खाली बघितलं. "दोन वर्षं. तिखट कळत नाही."

"म्हणजे रोज 'आज झणझणीत झालंय' म्हणता ते?"

"रंगावरून."

"गेल्या महिन्यात आठवडाभर मी तिखट घातलंच नव्हतं. नुसतं बीट होतं."

साहेबांनी पेपरच्या कडेला दुसरी ओळ लिहिली: उद्या, नऊ वाजता.

सोमवारी साहेबांचा आवाज अजून बसलेलाच होता. त्यांनी रुमालात बांधून आणलेल्या चार मिरच्या टेबलावर ठेवल्या. मदतनीस बाईंनाही बोलावलं होतं. कुणी काही विचारायच्या आत बाईंनी एक मिरची उचलली आणि देठ वाकवून बघितला.

"ही आपली दहा नंबर," त्या म्हणाल्या. "गोदामातली."

"दहा नंबर काळपट असते. चपटी."

"ती वाळल्यावर, साहेब. ओली तुम्ही दोघांनी कधी बघितलीय? देठाखाली ही गळपट्टी आहे ना, ती दुसऱ्या कुठल्याच पोत्यात नाही. बारा वर्षं देठ खुडतेय मी."

साहेबांनी मिरची हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "मग ही यांच्या कुंडीत कशी गेली?"

लपवण्यात आता अर्थ नव्हता. जीभ परत यावी म्हणून नंबरभाऊ रोज सकाळी बायको उठायच्या आत गोदामातली एक वाळकी मिरची गॅलरीत उभं राहून चावत आणि बिया कुंडीत थुंकत. "जास्वंदही बहुतेक त्यानेच गेली," तेही त्यांनी सांगून टाकलं.

"आणि इथे नंबर कसे देत होतात?"

नंबरभाऊंनी बाईंकडे बघितलं.

"माझ्या कानांवरून," बाई म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात लक्षात आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"भाऊंनी चुकीचा नंबर लिहिला असता तर बोलले असते."

साहेबांनी दोन वर्षांची नोंदवही मागवली आणि प्रयोगशाळेतल्या यंत्राचे आकडे शेजारी ठेवून पाऊण तास तपासली. एकही नंबर चुकला नव्हता. चष्मा खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे तपासनीस बाईच होत्या. आजपासून जागा त्यांची. तुम्ही गोदामात जा, त्यांच्या जागी. आणि नोकरी शाबूत राहिली ती त्यांच्यामुळे, हे विसरू नका."

जेवणाच्या सुट्टीत नंबरभाऊंनी घरी फोन केला. "दहा नंबर निघाली. आपल्याच कारखान्याची."

"ते राहू द्या. नोकरीचं काय झालं?"

"आहे. गोदामात. देठ खुडायचे, जाती ओळखायच्या."

"तुम्हाला येतं ते?"

"बाई शिकवणार आहेत."



"मग त्या सांगतील तसं करा," ती म्हणाली. "आणि काही चावू नका."