सासूबाईंची नक्कल

लिफ्टवाल्याने जन्मात कधी देवाला हात जोडले नव्हते, पण सासूबाईंची प्रार्थना त्याला तोंडपाठ होती. भक्ती वगैरे काही नाही, निव्वळ नक्कल करण्यासाठी. सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात ती प्रार्थना नाकातून, हेल काढत म्हणायच्या आणि हा दाढी करता करता बायकोला हसवायला हुबेहूब तसाच सूर लावायचा. बायको हसू दाबत म्हणायची, "हळू, आई ऐकेल." आई ऐकायच्याच.

"हसा, जावईबापू," त्या म्हणायच्या. "त्या निमित्ताने त्याचं नाव तरी येतं तोंडात."

तीच बायको आज कपडे वाळत घालता घालता कोसळली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले आणि तिला ऑपरेशनला आत घेऊन गेले. दुपार टळली तरी सासू-जावई बाहेरच्या बाकावर बसून होते. दाराला गोल काच होती, पण तीही आतून कागद लावून बंद केलेली.

असं हातावर हात ठेवून बसायची लिफ्टवाल्याला सवय नव्हती. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीच्याही आधी त्याचं एक काम असायचं, आत अडकलेल्या माणसाशी बोलणं. बोलणं थांबवायचं नाही, असा त्याच्या उस्तादाचा दंडकच होता. भाजी महागली, मॅच कोण जिंकलं, काहीही बोला. बाहेरचा आवाज बंद झाला की आतला माणूस भिंतीवर डोकं आपटायला लागतो. आज मात्र आत बायको होती, आणि तो नुसता त्या बंद काचेकडे बघत होता.

निदान सासूबाई तरी देवाचा धावा करत असतील, असं त्याला वाटलं होतं. पण त्यांचे ओठसुद्धा हलत नव्हते.

"आई, तुमचं ते म्हणा ना."

"नाही येत."

"म्हणजे?"

"सुरुवातच आठवत नाही. केव्हाची शोधतेय." त्या दाराकडे बघत होत्या. "जन्मभर म्हटलं, आणि आज तोंडातून निघेना. ऐकणारं कुणी नसेलच बहुतेक, जावईबापू."

आपला विश्वास नाही, पण त्यांचा आहे, या भरवशावर आपण आजवर बिनधास्त हसत आलो, हे त्याला आत्ता कळलं. घरात एकाने छत्री घेतली की दुसरा रिकाम्या हाताने निघतो, तसा तो निघाला होता. आता छत्रीवालीनेच हात वर केले होते.

दोघांतल्या कुणीतरी बोलायला हवं होतं. त्याने स्वतःच्या आवाजात प्रयत्न करून पाहिला, शब्द येईनात. मग लाज सोडून त्याने नाकातून सुरुवात केली, सासूबाईंच्याच हेलात. समोरची नर्स वळून बघू लागली, शेजारच्या बाकावरच्या गृहस्थाने कपाळाला आठ्या घातल्या. याची जीभ मात्र आपोआप चालत होती. सासूबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचेही ओठ हलू लागले. खोटं कशाला सांगा, त्यालाही जरा बरं वाटलं. भीती कमी झाली नाही, पण तिच्याजवळ बसता येऊ लागलं.

तिसऱ्या कडव्याला सासूबाई घरी रोज थांबायच्या, कारण तोवर दूध वर यायला लागायचं. नकलेत तेही होतंच. भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "बेबी, गॅस बारीक कर गं."

तो थबकला. इथे रोज बायकोचं उत्तर यायचं, 'केला गं आई.' त्यानंतरच पुढचं कडवं.

दोघं दाराकडे बघत राहिले. आत कसलीतरी चाकं सरकली, मग तेही थांबलं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"ऐकू गेलं नसेल तिला," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."

त्याने परत म्हटलं.