सतरा खुर्च्यांची जमीन

खड्डा दिसला की माझे हात शिवशिवतात. तीस वर्षं लाकडी जमिनी सपाट करतोय मी. कुणाकडे जेवायला गेलो तरी पहिली नजर पानावर नाही, पायाखाली. बायको म्हणते, "तुम्ही माणसांशी नाही, फळ्यांशी बोलता." खरंच आहे. फळ्या उलट उत्तर देत नाहीत.

जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीचं कलाघर करायचं ठरलं आणि वरच्या लांबलचक हॉलची जमीन माझ्याकडे आली. खाली चित्रांचे वर्ग, वर नाच आणि नाटकं, येईल त्याला दार उघडं. इमारत माझ्या ओळखीची होती, पण बाहेरून. माझ्या मावशीने तिथे एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. मला मात्र कुणी आत पाऊल टाकू दिलं नाही. 'कामाशिवाय आत येऊ नये' ही पाटी खास माझ्यासाठीच लावलीय, असं लहानपणी वाटायचं.

पण रोज सकाळी तिथूनच मला जाग यायची. आई-बाबा दोघंही पहाटे कामावर जायचे. मावशी आमच्याकडेच राहायची, तिची पाळी सहाची. घरात मी एकटा, आणि झोपेच्या बाबतीत कुंभकर्णाचा सख्खा भाऊ. एक्स्चेंजचा नियम होता, पाळी सुरू झाली की प्रत्येक ऑपरेटरने बाहेर एक फोन लावून आपली लाइन तपासायची. मावशी तो फोन आमच्या घरी लावायची. "लाइन तपासणी. उठलास का?" "उठलो. लाइन स्वच्छ आहे," असं मी म्हटलं की फोन बंद.

दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात मावशीला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. तो अख्खा महिना एक जाडसर, हसरा आवाज यायचा, "उठा साहेब, लाइन तपासणी." ती सहा नंबर, एवढंच मला ठाऊक होतं. तिथे सगळ्या एकमेकींना खुर्चीच्या नंबरानेच हाका मारायच्या. मावशी चौदा नंबर. सहा नंबरचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

तर हॉलमध्ये खिडक्यांच्या भिंतीलगत, फळ्यांमध्ये ओळीने खळगे होते. जोडीजोडीने, तळहाताएवढे. आर्किटेक्ट बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या गुडघे टेकून बघत म्हणाल्या, "हे असेच ठेवूया का?"

"बाई, खड्डे ठेवायला मी काय रस्ते बांधतो? नाचणाऱ्याचा पाय मुरगळला तर चोळत बसणार आहात का तुम्ही?"

त्यांनी उठून गुडघे झटकले. मी लाकडाच्या भुशात सरस कालवून लुकण केलं आणि चौतीसच्या चौतीस खळगे भरून टाकले. वरून घासले. हात फिरवला तरी कळणार नाही असं काम. पुढच्या सोमवारी पॉलिश मारायचं होतं. त्याआधीच्या बुधवारी मी मावशीला घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, मिरवायलाच नेलं होतं.

मावशीने ना छताकडे बघितलं, ना खिडक्यांच्या नव्या काचांकडे. दारापासून पावलं मोजत ती भिंतीशी गेली, एका जागी थांबली, चप्पल काढली आणि टाचेने जमीन चाचपायला लागली.

"काय शोधतेस?"

"माझी जागा. इथे टाचा टेकायच्या माझ्या. प्लग लावायला पुढे झुकलं की सगळा भार टाचांवर. दोन वाट्या झाल्या होत्या लाकडात. माझ्याआधी दोघी बसून गेल्या, त्यांच्याही टाचा होत्या त्यात."

खळगे जोडीने होते, सारख्या अंतरावर होते. तिथे माणसं बसत होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मला फक्त खड्डे दिसले.

"भरले मी ते," मी म्हणालो.

"छान केलंस. गुळगुळीत झालंय अगदी."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुझे दोन उघडतो. उद्याच उघडतो."

"माझेच?" मावशी माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसली. "तुला रोज मीच उठवत होते असं वाटतं की काय? अरे, माझ्या लाइनवर घाई असली की तेरा नंबर लावायची तुझा फोन. कधी नऊ, कधी पंधरा. तू असायचास अर्धा झोपेत, तुला बाईचा आवाज म्हणजे मावशी. आणि मी अकरा नंबरच्या वडिलांना औषधाची आठवण करायचे. प्रत्येकीचं घर कुणीतरी वाटून घेतलेलं. लाइनी तपासल्या जायच्या, मग साहेबही कानाडोळा करायचे. सहा नंबरला तर मूलबाळ नव्हतं. तिने तुझी अख्खी परीक्षा अंगावर घेतली. उघडायचे तर सगळे उघड. नाहीतर माझेही राहू देत तसेच."

कृतज्ञता वगैरे शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत. पण त्या क्षणी मला रडू फुटायचंच बाकी होतं. माझी शाळा बुडाली नाही, परीक्षा चुकली नाही, हाताला कसब लागलं, वेळेवर कामाला जाणारा माणूस म्हणून चार लोक ओळखतात. ते सगळं सतरा बायकांनी मला अंथरुणातून ओढून काढलं म्हणून. आणि त्यांच्या पायांची जागा मी भुशाने बुजवली होती.

खळगे पुन्हा उघडतो म्हणून आर्किटेक्ट बाईंना सांगताना मला स्वतःचे शब्द मागे घ्यावे लागले. त्यांनी ते आधी मला ऐकवले. "आणि पाय मुरगळला तर?"

"नाचणारे पलीकडच्या बाजूला नाचतील. या भिंतीला बाकं टाका. बसल्या माणसाचा पाय मुरगळत नाही."

"मुरगळला तर चोळायला तुम्ही," त्या हसून म्हणाल्या. "पण पॉलिश सोमवारीच. तारीख हलणार नाही."

चार दिवस, चौतीस खळगे. माझा सरस आठवड्यात दगड होतो, त्याचा मला फार गर्व. आता तोच मुळावर आला. मशीन लावलं तर जुनं लाकूडही खरवडून निघणार, म्हणून पटाशी घेऊन पालथा पडलो. लुकण फिकट, खालचं लाकूड वर्षानुवर्षांच्या वापराने काळपट. काळं दिसलं की हात थांबवायचा. पहिल्या दिवशी पाचच झाले. मदतनीस म्हणाले, आम्हीही बसतो. मी नाही म्हटलं. ज्याने बुजवले त्यानेच उघडायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मोबाइल वाजला.

"लाइन तपासणी. उठलास का?"

"उठलो. लाइन स्वच्छ आहे."

फोन बंद. मी पन्नाशी उलटलेला माणूस, अंथरुणावर बसून एकटाच हसत होतो. रविवारपर्यंत रोज तो फोन आला, आणि रविवारी दुपारी शेवटचा खळगा मोकळा झाला.

कलाघर उघडलं त्या दिवशी बाकं बहुतेक भरली होती. मावशीने जुन्या मैत्रिणींना निरोप धाडले होते. सतरांपैकी सातजणी आल्या. मावशी चौदाव्या जागेवर अशी बसली, की जणू मध्ये फक्त चहाला उठून गेली होती. मी दाराशी उभा राहून लोकांचे बूट बघत होतो, कोण पॉलिशवर ओरखडे पाडतंय ते. एक काठीवाली वृद्ध बाई उशिरा आली आणि जमिनीकडे बघत बघत चालायला लागली. मी पुढे होऊन हात दिला आणि जरा तिरसटपणेच म्हणालो, "आजी, जपून. खळगे आहेत तिथे."

ती एक एक जागा मोजत गेली, सहाव्या जागेवर बसली आणि दोन्ही टाचा खाली टेकवल्या. त्या बरोब्बर बसल्या. मग मान वर करून तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"उठलात का साहेब?"

तोच जाडसर, हसरा आवाज.

"उठलो," मी म्हणालो, "लाइन स्वच्छ आहे." आणि मी तिच्या पायांशी जमिनीवरच बसलो.