साहेबाच्या हातची रोटी

मला राग लवकर येतो आणि सावकाश जातो. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनच्या कमिटीला हे चांगलं ठाऊक होतं, तरी पाळकांना तयार करण्याचं काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. लढाई संपली आणि विलायतेहून निरोप आला की मिशनचे साहेब लोक आता एकेक करून परत जाणार, तुमची देवळं तुम्ही सांभाळा. मग सगळ्यांची धावपळ उडाली. खेड्यापाड्यांतल्या पाळकांनी आजवर साहेबाच्या मागे उभं राहून आमेन म्हटलेलं. सभा कशी चालवायची, दोन वडीलमंडळी भांडायला लागली तर काय करायचं, मयताच्या घरी किती बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, हे त्यांना शिकवायला कोणीतरी हवं होतं. मी नोकरी संपलेला शाळामास्तर. मला म्हणाले, भालचंद्र मास्तर, तुम्ही गावोगाव जाऊन पाळकांबरोबर राहा.

आष्टीला पाठवताना मात्र कमिटीचा आवाज मऊ झाला. तिथला पाळक धर्मराज चांगला आहे, पण मंडळीत थोडी कुरबुर आहे म्हणे. जमत नसेल तर त्याची बदली करून टाकू, तुम्ही फक्त येऊन सांगा. मऊ आवाजात बोलणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय येतो.

परतूरला गाडीतून उतरलो आणि बैलगाडीनं आष्टी गाठली. आष्टीच्या ख्रिस्ती वस्तीत दोन वाडे होते, वरचा आणि खालचा. दोन्ही वाड्यांचे आजे-पणजे वेगवेगळ्या जातींतून आलेले. त्या जातींची नावं मी लिहीत नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यात ती वाहून गेली असं आम्ही जगाला सांगतो, तेव्हा माझ्या लेखणीनं ती वर काढायला नकोत. धर्मराज खालच्या वाड्यातला. बाकी तुम्ही समजून घ्या.

पहिल्या दिवशी मी त्याच्याबरोबर घरोघर फिरलो, कारण पाळक कसा आहे हे प्रवचनात कळत नाही, लोकांच्या ओसरीवर कळतं. खालच्या वाड्यात पोरं त्याच्या अंगाखांद्यावर चढत होती. वरच्या वाड्यात मंडळीचे मोठे वडील, म्हणजे मुख्य कारभारी, रखमाजी यांच्या घरी आम्हांला बाजेवर बसवलं. माझ्यासाठी कपबशीत चहा आला. धर्मराजकडे न बघताच रखमाजी म्हणाले, "पाळकसाहेब च्या पीत न्हाईत." धर्मराजनंही मान हलवली. सकाळपासून त्यानं माझ्यादेखत चार कप चहा प्यायला होता. मी कप खाली ठेवला तो ठेवलाच.

रखमाजींना वाटलं, चहात साखर कमी झाली.

इथला साहेब गेल्यापासून प्रभुभोजन, म्हणजे पाळकाच्या हातून सगळ्यांनी भाकरी आणि रस घेण्याचा विधी, कितीदा झालं, असं मी विचारलं. एकदाही नाही. धर्मराज जमिनीकडे पाहू लागला. रखमाजी मात्र उत्साहानं उठले, आतून बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडला. आत डबलरोटीचे वाळवलेले तुकडे होते. साहेब निघायच्या आदल्या दिवशी यांनी त्याच्यापुढे जालन्याहून आणवलेल्या रोट्या ठेवल्या आणि आजाऱ्यांना देण्यासाठी म्हणून त्या रोट्यांवर हात ठेवून प्रार्थना करायला लावली. साहेबाचे डोळे भरून आले म्हणे. तो गेल्यावर बायकांनी त्या रोट्या कापून माळवदावर कुरडयांसारख्या वाळत घातल्या.

"बराबर वाळवल्या की दोन वर्सं जातेत," रखमाजी म्हणाले. "तवर कमिटी दुसरा पाळक देईल."

अशी चूक फक्त आमच्याच लोकांना करता येईल. साहेबानं जन्मभर ओरडून सांगितलं की भाकरीत काही नसतं, कोणाच्या हातात काही नसतं, आणि यांनी त्याचाच हात डब्यात भरून ठेवला. धर्मराजच्या हातचं खावं लागू नये एवढ्यासाठी. त्याच धर्मराजच्या डोक्यावर जालन्यात आम्ही सगळ्यांनी हात ठेवून त्याला पाळक केलं होतं. मी डब्याचं झाकण आपटून बसवलं. रखमाजींनी तेही भलतंच समजून घेतलं आणि समजुतीच्या सुरात तोडगा काढला. तुम्ही आला आहात तर या रविवारी तुम्हीच भोजन वाढा. तुमचं घराणं मोठं, तुमचा हात सगळ्यांना चालेल. माझे आजोबा कोणत्या घरातून ख्रिस्ती झाले, हे त्या माणसानं आधीच चौकशी करून ठेवलं होतं. माझ्या आजोबांनी घरासकट जे मोठेपण सोडलं, तेच मला हा बाजेवर बसवून परत देत होता. मी सरळ नाही म्हणालो आणि उठलो.

देवळाच्या मागच्या लिंबाखाली मी धर्मराजला फैलावर घेतलं. चहा पीत नाही म्हणून खोटं का बोललास? डबा बघून गप्प का बसलास? पाळकानं मऊ असावं, पण पायपुसणं असू नये. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की रविवारी मास्तरांनीच वाढावं, असं त्यालाही वाटतं. एकदा सगळे एका पंगतीला बसले की पुढचं तो हळूहळू बघून घेईल. मला वाटलं, याच्या कानशिलात द्यावी.

"मी तुला पाळक व्हायला शिकवायला आलोय, माफी मागायला शिकवायला नाही."

तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. आवाज चढवला नाही, पण चेहरा काळाठिक्कर पडला.

"मास्तर, तुमी आठ दिसांनी परतूरला गाडी धरणार. तुमचा राग तुमच्यासंगं जाईल. मला हितंच राहायचंय. माझ्या आदी खालचा वाडा देवळाच्या दारात बसायचा, ठावं हाये का? साहेबाच्या वक्तालाबी. मी एकेकाला हात धरून आत आणलं. माझी बदली झाली की ते पुन्हा दारात. म्हून मी च्या पीत न्हाई."

राग तसाच होता, पण आता तो कुठे ठेवावा हे कळेना. शेवटी एवढंच म्हणालो, की मी वाढलं तर त्यांचा डबा खरा ठरेल आणि तू कायमचा खोटा ठरशील. मी वाढणार नाही. तू काय करायचं ते तू ठरव. तो उठून गेला. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला.

रविवारी देऊळ भरलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर दोन वाड्यांच्या सतरंज्या, मधे वीतभर जागा मोकळी. मी खालच्या वाड्याच्या सतरंजीवर जाऊन बसलो. टेबलावर धर्मराजच्या बायकोनं केलेली भाकरी आणि मनुकांचा रस होता. प्रार्थना झाली आणि रखमाजी डबा घेऊन उभे राहिले. धर्मराजनं दोन्ही हात पुढे करून डबा घेतला, टेबलावर भाकरीशेजारी ठेवला आणि झाकण काढलं.

"ज्याला साहेबाच्या हातची पाहिजे त्यानं ह्यातली घ्यावी. ज्याला माझ्या हातची चालते त्यानं माझ्याकडं यावं. मी कोणाला हाकलणार न्हाई. पण मी हितून जाणारबी न्हाई, कमिटीनं सांगितलं तरी."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं.

रखमाजींनी डबा उचलला आणि आपल्या लोकांना वाटला. मग सुरू झाला तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही. शांत देवळात अख्खा वरचा वाडा कडाकड दातांनी रोटी फोडत होता. प्रभूच्या मेजावर बसून माणसं दगड चावत होती आणि एकमेकांकडे बघत नव्हती. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हींपेक्षा जास्त चीड आली.

रखमाजींची आई साळूबाई पुढच्या रांगेत होती. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तिनं तुकडा बराच वेळ चघळला, मग काढून पदरात ठेवला. मधली वीतभर जागा तिनं हात टेकत, सरपटत ओलांडली आणि धर्मराजपुढे ओंजळ धरली. त्यानं भाकरी रसात बुडवून मऊ केली आणि तिच्या हातावर ठेवली. म्हातारीला मी संत करणार नाही. दात असते तर ती तिथंच बसली असती. पण तिनं खाल्लं, आणि तिच्या मागून वरच्या वाड्यातलं दुसरं कोणी आलं नाही.

संध्याकाळी निघण्याआधी मी वरच्या वाड्यात गेलो. रखमाजींना दोन शब्द सुनवायचेच होते. ते बाहेर दिसलेच नाहीत. ओसरीवर, चपलांशेजारी, साळूबाई एकटी जेवत बसली होती. तिचं ताट घरात वाढलं नव्हतं. पोटच्या पोरानं आईला बाहेर बसवलं होतं, आणि दारावर क्रूस टांगलेला होता.

मी तोंड उघडणार एवढ्यात धर्मराज आला. फडक्यात बांधलेली स्वतःची भाकरी घेऊन तो म्हातारीशेजारी जमिनीवर बसला. रखमाजी दारात आले आणि म्हणाले, हे घर माझं आहे, पाळकांनी उठावं.

"मी घरात कुटं आलो?" धर्मराज म्हणाला. "माझ्या मंडळीतली बाई बाहीर एकटी जेवून राह्यली, तिच्यापाशी आलो. ती हितं जेवंल तवर मीबी हितंच जेवंल. रोज."

म्हातारीनं लेकाकडे पाणी मागितलं. तो हलला नाही. तिनं पुन्हा मागितलं. तेव्हा तो आत गेला आणि तांब्या आणून तिच्या हातात दिला, तोंड दुसरीकडे करून. ती घोटभर प्यायली आणि तांब्या धर्मराजकडे सरकवला. रखमाजी बघत उभे राहिले. धर्मराजही प्यायला.

जालन्यात कमिटीनं मऊ आवाजात विचारलं, की मग बदली कुठे करायची? मी म्हणालो, पाळक आष्टीतच राहील. बदलायची तर मंडळी बदला. एवढं बोलून मी बाहेर पडलो, आणि दार आपटलं ते मुद्दाम.